बाबांनी बीपीच्या गोळ्या बंद केल्यात, म्हणतात प्राणायाम पुरे आहे

काकू नमस्कार. मी ठाण्याला असते, आई-बाबा सांगलीला. बाबा ७२ वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेत. सात-आठ वर्षं त्यांना बीपीच्या दोन गोळ्या चालू होत्या, अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन. कॉलनीतल्या योगा ग्रुपमधल्या एका काकांनी त्यांना सांगितलं की रोज तासभर प्राणायाम केला की गोळ्यांची गरज नाही, माझ्या पण सुटल्या. झालं, तीन आठवड्यांपूर्वी बाबांनी कुणाला न सांगता दोन्ही गोळ्या बंद केल्या. आईला पाकिटं भरलेली दिसली तेव्हा कळलं. ते म्हणतात पहिला आठवडा बीपी छान होतं, म्हणजे लागू पडलंय. पण आता १६०-१७० येतंय आणि ते दिवसातून कितीतरी वेळा मशीन लावून बसतात. आई ओरडते, ते चिडतात, मी रोज रात्री फोन करून विचारते तर न बोलता फोन आईकडे देतात. त्यांच्या डायरीच्या पानाचा फोटो पाठवतेय. रिलॅक्सेशननं बीपी खरंच उतरतं का? उतरत असेल तर कुठला प्रकार करायचा? आणि गोळ्या कधी सुटू शकतात का? बाबांचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, त्यासाठी अधूनमधून एक गोळी घेतात.
– सांगलीकरांची लेक

अगं लेकी, आधी कामाचं बोलते आणि मग बाकीचं सावकाश. हे वाचून झालं की आजच सांगलीत बाबांच्या डॉक्टरांना फोन लाव, तीन आठवडे दोन्ही गोळ्या बंद आहेत आणि रीडिंग १६०-१७० येतंय एवढं सांग आणि गोळ्या कशा सुरू करायच्या ते त्यांनाच विचार. "राहिलेल्या भरून काढू" म्हणून दोन-दोन घेऊ देऊ नकोस. आणि छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं, यातलं काहीही झालं तर मशीन लावत बसू नका, सरळ १०८ ला फोन करायचा. मशीनवर १८०/१२० च्या वर आकडा आला आणि बाकी काही त्रास नसेल तर पाच मिनिटं शांत बसून परत बघायचं आणि तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. हे आईला कागदावर लिहून फ्रिजला लावायला सांग, कारण वेळेवर कुणाला काही आठवत नाही.

आता तो "पहिला आठवडा छान होता" वाला मुद्दा. बाबा खोटं बोलत नाहीयेत बरं का, डायरीत दिसतंय, पहिल्या पाच-सहा दिवसांत १३४, १३८ असे आकडे आहेत. पण त्याचं श्रेय त्यांनी चुकीच्या माणसाला दिलंय. अ‍ॅम्लोडिपिन ही शरीरातून फार हळू जाणारी गोळी आहे, निम्मं औषध बाहेर पडायलाच तीस ते पन्नास तास लागतात, म्हणजे शेवटची गोळी घेतल्यावर पुढे आठवडाभर तिचा थोडाथोडा अंमल राहतोच. त्या आठवड्यात बाबा प्राणायाम करत होते आणि बीपी मात्र जुनी गोळीच सांभाळत होती! दुसऱ्या आठवड्यात ती पूर्ण उतरली आणि आकडे वर गेले. तुझ्या फोटोत अगदी तिथपासूनच १५५, १६२ सुरू झालंय बघ. त्या योगावाल्या काकांचंही कदाचित असंच झालं असेल, किंवा त्यांचं बीपी मुळातच काठावरचं असेल, किंवा त्यांनी नंतर मोजलंच नसेल. आपल्याला काय माहीत. आणि हे नशीब समज की बाबांच्या या गोळ्या आहेत. काहींना मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन चालू असतं, ती अचानक तोडली तर बीपी उसळी मारून वर जातं, क्लोनिडिनचं तर एक-दोन दिवसांतच, आणि पहिल्या दोनांत हृदयाच्या पेशंटला छातीत दुखायलाही लागतं. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी पण लक्षात घ्या.

बरं, रिलॅक्सेशननं बीपी उतरतं का? उतरतं. पण थोडं. आणि रोज केलं तर.

यात आपल्याकडचंच उदाहरण आधी सांगते कारण ते बाबांना आवडेल. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी १९६९ साली बीपीच्या ४७ पेशंटना शवासन शिकवून त्याचा अभ्यास छापला होता, तोही परदेशी वैद्यकीय मासिकात. बऱ्याच जणांचं बीपी उतरलं, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. पण त्यात तुलनेला शवासन न करणारा असा गट नव्हता, म्हणजे नुसतं हॉस्पिटलमध्ये येऊन-जाऊन, डॉक्टरांची सवय होऊन किती उतरलं आणि शवासनानं किती ते वेगळं काढता येत नाही. ती कसर पुढे इंग्लंडमध्ये चंद्रा पटेल नावाच्या भारतीय वंशाच्या डॉक्टरबाईंनी भरून काढली, १९७५ साली त्यांनी ३४ पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला सहा आठवडे योगातलं शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक (म्हणजे आपलं शरीर किती सैल झालंय ते यंत्रावर बघत शिकणं), दुसऱ्याला तेवढाच वेळ नुसतं येऊन बसायचं. पहिल्या गटाचं १६८/१०० वरून १४१/८४ झालं, आणि दुसऱ्याचं नुसतं बसून सुद्धा १६९/१०१ वरून १६०/९६! हा दुसऱ्या गटाचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. काही न करता नऊ पॉइंट.

पण हे छोटे अभ्यास, आणि छोट्या अभ्यासात आकडे नेहमी झगमगीत दिसतात. पुढे २००८ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (ही वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) असे २५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा वरचं बीपी सरासरी साडेपाच पॉइंट आणि खालचं साडेतीन पॉइंट उतरलेलं निघालं, आणि ज्या अभ्यासांत दुसऱ्या गटाला खोटंखोटं काहीतरी करायला दिलं होतं तिथे तर फरक आणखी कमी, इतका कमी की नक्की आहे का असं वाटावं. म्हणजे बाबांचं १६८ हे प्राणायामानं १२८ होणार नाही. १६२ होईल, फार तर १६०. ते वाईट आहे असं नाही गं, पाच पॉइंटही पुढच्या दहा वर्षांत उपयोगाचे असतात, पण ते गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नाही.

आता त्यांच्या वयाचं वेगळं काय ते सांगते. डायरीतले आकडे बघ, १६८/७८, १७२/८०, १५९/७६. वरचं चढलेलं आणि खालचं नॉर्मल. म्हातारपणीचं बीपी बहुतेकदा असंच असतं, कारण मोठ्या रक्तवाहिन्या कडक होतात, त्यांचं ताणलं जाणं कमी होतं, मग हृदयानं रक्त ढकललं की वरचा आकडा उडी मारतो. आता जे कडक झालंय ते डोळे मिटून बसल्यानं मऊ होणार नाही, हे साधं आहे. मन शांत झाल्यावर जो भाग उतरतो तो धडधडीचा, चिडचिडीचा, आवळून धरलेल्या अंगाचा. तरुण माणसात तो भाग मोठा असू शकतो, बाहत्तरीत छोटा. म्हणून "टेन्शन घेऊ नका, बीपी आपोआप उतरेल" हे जे सगळे सांगत सुटतात ना, ते अर्धवट आहे, आणि वर त्या माणसाला असं वाटतं की माझं बीपी चढलं म्हणजे माझंच काहीतरी चुकलं, मलाच शांत राहता येत नाही.

तरी म्हाताऱ्या माणसांवर झालेले एक-दोन अभ्यास चांगले आहेत. अमेरिकेत सिएटलला वृद्धाश्रमातल्या ४१ जणांना आठवड्यातून तीनदा बारा मिनिटं ऐकायला दिलं, काहींना समुद्राच्या लाटांच्या आवाजावर शांत सूचना देणारी सीडी, काहींना मोझार्टचं संगीत. चार महिन्यांनी सीडीवाल्यांचं वरचं बीपी साधारण नऊ पॉइंटनं आणि संगीतवाल्यांचं सातनं उतरलेलं. म्हणजे नुसत्या गाण्यानं पण काम झालं की! पण कार्यक्रम संपल्यावर बऱ्याच जणांनी ऐकणं सोडलं आणि फायदाही टिकला नाही.

आणि आता तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्यात आहे तो अभ्यास. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन, ज्यांनी ७०च्या दशकात ध्यानाची अगदी साधी, धर्माबिर्माशी संबंध नसलेली पद्धत डॉक्टरांपुढे मांडली, त्यांच्या बॉस्टनमधल्या मंडळींनी २००८ मध्ये हा छापला. ५५ वर्षांवरचे १२२ जण, बाबांसारखंच वरचं बीपी चढलेले आणि बाबांसारख्याच निदान दोन गोळ्या चालू असलेले. अर्ध्यांना आठ आठवडे शिथिलीकरण शिकवलं, अर्ध्यांना मीठ, वजन, व्यायाम, तणाव याची नुसती माहिती दिली. दोन्ही गटांचं जवळपास सारखंच उतरलं, नऊ पॉइंटच्या आसपास. मग ज्यांचं १४० च्या खाली आलं होतं फक्त त्यांचीच एक-एक गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायला घेतली, बीपी मोजत मोजत. आणि तिथे शिथिलीकरणवाल्यांना एक गोळी सोडणं जास्त जमलं. गोळ्या चालू ठेवून आधी बीपी उतरवलं, मग मोजून बघितलं, मग एक गोळी कमी केली, असा क्रम होता. बाबांनी तो उलटा केला, आधी गोळी सोडली आणि आता बीपीच्या मागे लागलेत.

म्हणून बाबांशी भांडू नकोस, सौदा कर. "बाबा, प्राणायाम सोडू नका, उलट नीट शिकून करा. गोळ्या डॉक्टर सांगतील तशा चालू. तीन महिने दोन्ही करायचं, डायरी लिहायची आणि मग डायरी घेऊन डॉक्टरकडे आपणच जाऊन विचारायचं की यातली एक कमी करता येईल का." एसटीत आयुष्य गेलेल्या माणसाला टाइमटेबल आणि नोंदवही कळते. बहुतेकांना गोळी सोडायची असते ती गोळी वाईट म्हणून नाही, "आयुष्यभर" हा शब्द घशाखाली उतरत नाही म्हणून. त्यांना बाहेर पडायचा एक रस्ता दिसला की चिडचिड निम्मी होते. आणि डॉक्टर शेवटी "नाही, दोन्ही लागतीलच" म्हणाले तरी ते बाबा स्वतः विचारून आलेले असतील.

डायरीचं पान. किती वेळ बघत बसले होते मी ते. सकाळी ७.१० ला १६८/७८, ७.१३ ला १५९/७६, ७.१७ ला १५४/७४, मग "अ.वि. नंतर" असं लिहून ७.४० ला १४६/७२, त्याखाली दोन रेघा. रात्री ९.२० ला १७२/८० आणि त्यापुढे काहीच नाही, पेनाचा एक ठिपका फक्त. आता सकाळचे पहिले तीन आकडे बघ, अनुलोम-विलोमाच्या आधीच नुसतं बसून १६८ चं १५४ झालंय. कुणाचंही होतं. पहिलं रीडिंग जवळपास नेहमीच चढलेलं येतं, दंडाला पट्टा आवळला की माणूस जरा दचकतोच. म्हणून प्राणायामाचा खरा फरक धरायचा तर १५४ आणि १४६ मधला धरायचा, तोही त्या घटकेपुरता. आणि रात्री सव्वानऊला काय असतं? टीव्हीवर चर्चा, सहा जण एकदम ओरडतायत. त्यानंतर लगेच मशीन लावलं तर माझंही १५० येईल.

मोजायचं कसं ते नीट सांगते कारण यात निम्म्या घरांत गोंधळ असतो. लघवी करून यायचं, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास गेलेला हवा, खुर्चीत पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवरून नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं, मोजताना अजिबात बोलायचं नाही (आईला पण सांग, तेव्हा "मीठ जास्त खाल्लं ना काल?" असं विचारायचं नाही, नुसत्या बोलण्यानं पण आकडा चढतो). एका मिनिटाच्या अंतरानं दोन रीडिंग. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी. असं सात दिवस, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेलं सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते चढलेलं धरतात, तुमच्या बाबांचं वय आणि बाकीचं बघून त्यांचं नेमकं टार्गेट डॉक्टर ठरवतील. सात दिवस झाले की मशीन कपाटात. पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. दिवसातून दहा वेळा बीपी मोजणं हे स्वतःच एक टेन्शन आहे, एकीकडे रिलॅक्सेशन करायचं आणि दर तासाला स्वतःची परीक्षा घ्यायची, कसं जमणार?

बरं, आता प्रकार. गुडघे दुखतात तर खाली बसायचा हट्टच नको, मांडी घातली तरच प्राणायाम होतो असं काही नाही. हात असलेली, पाठ सरळ असलेली खुर्ची घ्यायची, पाय जमिनीला टेकलेले.

मला विचारशील तर त्यांनी सावकाश श्वासानं सुरुवात करावी. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, म्हणजे चार आकडे मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, नाकानं, जबरदस्ती न करता. सुरुवातीला मिनिटाला आठ-दहा झाले तरी चालतील. बाहेरचा श्वास लांब असला की हृदयाची गती जरा खाली येते, आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांमध्ये बीपीवर नजर ठेवणारे जे सेन्सर असतात, वयानुसार जरा सुस्तावलेले, ते या गतीला चांगलं काम करतात. इटलीत २००१ साली बर्नार्डी नावाच्या डॉक्टरांनी लोकांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि "ॐ मणि पद्मे हूँ" म्हणायला लावून मोजलं, तर दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला! म्हणजे पिढ्यान् पिढ्या लोक माळ ओढत हेच करत आले होते. तुझ्या बाबांना हरिपाठ येत असेल, नामस्मरणाची सवय असेल, तर आकडे मोजत बसण्यापेक्षा ते बरं, श्वास सोडताना सावकाश "रामकृष्णहरी", पंधरा मिनिटं. बेन्सन यांची पद्धत पण हीच, एक शब्द घ्यायचा, प्रत्येक श्वास सोडताना मनात म्हणायचा, मन भरकटलं तर स्वतःवर न चिडता परत शब्दावर यायचं, दहा ते वीस मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा. आणि बाबा देवाबिवाचं मानत नसतील तर "एक" हा शब्द सुद्धा चालतो, बेन्सन स्वतः तोच सुचवायचे.

अनुलोम-विलोम करतायत ते चालू राहू दे, फक्त श्वास रोखायचा नाही. कुंभक नको, हे ठळक लिहून ठेव. भ्रामरी पण छान, पण हळू आवाजात, कान गच्च दाबून नाही. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र बीपी ताब्यात येईपर्यंत पूर्ण बंद, त्यातल्या झटक्यांनी पोटावर आणि छातीवर जोर येतो आणि बीपी तेवढ्यापुरतं चढतं. शीर्षासन, सर्वांगासनाचा तर विषयच नको, काचबिंदू असेल तर डोळ्यांसाठीही ते वाईट. ग्रुपमध्ये सगळे करतायत म्हणून बाबा पण करणार हे मला माहितेय, म्हणून शिकवणाऱ्यालाच एकदा सांगून ठेव की यांना बीपी आहे. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून योगावर प्रयोगशाळेत काम करतंय, तिथे शिकलेले लोक आधी बीपी-शुगर विचारतात आणि मग आसन सांगतात. तुमच्या ग्रुपमधले विचारत नसतील तर बाबांनी स्वतःहून सांगायचं.

दुसरा प्रकार, एकेक अवयव आधी आवळून मग सैल सोडायचा. अमेरिकेतले डॉक्टर जेकबसन यांनी शंभर वर्षांपूर्वी बसवलेला. पायापासून सुरू करून वर चेहऱ्यापर्यंत, पाच सेकंद आवळायचं, वीस-तीस सेकंद सोडायचं. ज्यांना ध्यानाला बसलं की डोक्यात विचारांचा बाजार भरतो त्यांना हे जास्त जमतं, कारण करायला काहीतरी असतं. पण बाबांच्या वयात पूर्ण ताकदीनं आवळायचं नाही, निम्म्या जोरानंच, आवळताना श्वास धरायचा नाही, आणि दुखरा गुडघा वगळायचा. पोटऱ्यांत गोळे येत असतील तर पोटऱ्याही वगळायच्या.

शवासन आणि योगनिद्रा पलंगावर झोपून करा, उशी घ्या, झोप लागली तरी बिघडत नाही. बिघडतं ते उठताना. वय झालं की पडल्या जागेवरून उभं राहिल्यावर बीपी धाडकन खाली येऊ शकतं, त्यात बीपीची गोळी, त्यात प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर अजून, आणि माणूस चक्कर येऊन पडतो. मांडीचं हाड मोडलं की प्राणायाम, गोळी, सगळं राहिलं बाजूला. म्हणून आधी कुशीवर वळायचं, मग बसायचं, पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसूनच राहायचं, मग उभं. एक दिवस बसून बीपी घ्या, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला घ्या, वरचं वीस किंवा खालचं दहा पॉइंटनं उतरत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्यावरून ते गोळीचा डोस आणि वेळ ठरवतात.

संगीत ऐकायचं असेल तर ऐकू दे, भीमसेनजी असोत की जुनी भावगीतं, ज्यात जीव रमतो ते. कानाला कमी ऐकू येत असेल तर ते मोबाईलवरचे सूचनांचे ऑडिओ उपयोगाचे नाहीत, माणूस कान देऊन देऊन दमतो. शिरोधारा-बिरोधारा, सात दिवसांचं पॅकेज? तेलाची धार सुखाची असते, झोप छान लागते, पैसे असतील आणि आवडत असेल तर घ्या. बीपीचा इलाज म्हणून पैसे मोजू नका एवढंच. ज्याला जे रोज करावंसं वाटेल ते त्याचं. तू निवडू नकोस, ते बाबांनाच ठरवू दे. दोन-तीन प्रकार आठवडाभर करून बघतील आणि एक धरतील.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत तू सहज लिहून गेलीस ते. गुडघ्याची गोळी. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची असेल तर ती स्वतःच बीपी चढवते, बीपीच्या गोळीचं काम कमी करते, आणि टेल्मिसार्टनच्या जोडीला किडनीवर पण भार टाकते. मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेली असते, आणि डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं कुणाला वाटतच नाही. दिवसभर अनुलोम-विलोम करून जे कमावलं ते एका पाकिटात जाऊ शकतं. ते पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवा, दुसरं काय चालेल ते विचारा. तसंच खोकल्याचा किंवा घशाचा काढा चालू असेल तर त्यात ज्येष्ठमध आहे का बघ, रोज बरेच दिवस घेतला तर त्यानंही बीपी चढतं. पोट जड झालं की पाण्यात फसफसणारी पावडर घेतात ना, तीही सोडियमनं भरलेली. आणि ताटातलं लोणचं-पापड-खारी शेंगदाणे, यावर मी लेक्चर देत नाही, आई देतेच आहे. फक्त मीठ कमी करायचं म्हणून ते "लो सोडियम" मीठ परस्पर आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. बाबा घोरतात का, रात्री श्वास अडकल्यासारखा होतो का हेही आईला विचार. हो असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल, झोपेत श्वास अडकण्याच्या आजारानं कधीकधी गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नाही.

एक तुलाच सांगायचंय, रागावू नकोस. रात्रीचा फोन. "बाबा आज किती आलं?" हा तुझा पहिला प्रश्न असतो, बरोबर? ९.२० चं १७२ त्या फोनच्या आधीचं की नंतरचं, ते मला डायरीवरून कळत नाही, पण त्यांनी फोन आईकडे का दिला ते कळतं. ड्यूटी संपल्यावर रोज हिशोब द्यायला त्यांना परत डेपोत उभं करू नकोस. आकडा विचारायचा तो आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. बाकीचे दिवस नातवंडांचं बोल, सांगलीत पाऊस किती झाला ते विचार, कृष्णेला पाणी किती आलंय ते विचार. आईलाही एक काम कमी कर, गोळी दिली का, मीठ घातलं का यावर तिनं पहारा ठेवायचा नाही, आठवड्याचा गोळ्यांचा डबा आण, वारांची नावं असलेला, बाबा रविवारी स्वतः भरतील. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली, विचारायची गरजच नाही.

आणि त्या योगावाल्या काकांवरून घरात महाभारत नको. सकाळी सहाला उठून दहा जणांत जाणं, तिथे हसणं, येताना कट्ट्यावर चहा, हे बाबांच्या आयुष्यात राहू दे, रिटायर माणसाला ते गोळीइतकंच लागतं. त्यांना फक्त एवढं पटलं पाहिजे की काकांचं बीपी काकांचं आणि आपलं आपलं.

डॉक्टरकडे जाताना डायरी, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गुडघ्याची सुद्धा, आणि घरचं बीपी मशीन, तिन्ही पिशवीत घाला. दवाखान्यात त्यांच्या मशीनवर आणि आपल्या मशीनवर एकामागोमाग मोजून घ्यायचं, म्हणजे घरचं किती खरं दाखवतं ते कळेल, आणि पट्टा बाबांच्या दंडाला बसतोय का तेही तिथेच बघून घ्या, लहान पट्ट्यानं आकडा उगाच जास्त येतो.